आटत्या पाण्यातली पहिली पेशी

जीवसृष्टीचा उगम शोधायला जालना जिल्ह्यात कोणी येणार नाही. इथला खडक त्यासाठी फारच नवा. अंबडला, परतूरला, भोकरदनला, कुठेही विहीर खणा, माती आणि मुरूम संपला की काळा पाषाण लागतो. हा दख्खनच्या लाव्हाचा पाषाण, वय साधारण साडेसहा कोटी वर्षे. पृथ्वीचे वय ४५४ कोटी. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलबारा भागात सूक्ष्मजीवांनी थरावर थर चढवून ठेवलेल्या खुणा आहेत, त्या ३४८ कोटी वर्षांपूर्वीच्या. आपला पाषाण तापलेल्या रसाच्या रूपात जमिनीवर पसरत होता, तेव्हा जीवसृष्टीचा संसार थाटून अब्जावधी वर्षे उलटली होती.

तरीही निर्जीव रसायनांतून पहिली पेशी कशी घडली असेल, या शोधाचा शंभर वर्षांचा इतिहास चाळला तर तो जालन्याच्या अगदी बांधाजवळून गेलेला दिसतो. एकदा इथल्या काळ्या मातीच्या निमित्ताने, आणि दुसऱ्यांदा मंठ्याच्या पुढे जिल्ह्याची शीव ओलांडल्यावर लागणाऱ्या लोणारच्या तळ्यामुळे. या शोधाची सुरुवात अथांग समुद्रापासून झाली आणि आज तो येऊन पोचला आहे उन्हाळ्यात आटणाऱ्या डबक्यापाशी. पाणी आटले की मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळताना पाहिलेल्या लोकांना हे चमत्कारिक वाटेल, पण पहिल्या पेशीसाठी पाण्याइतकेच ते आटणेही गरजेचे असावे, असे आता बरेच रसायनशास्त्रज्ञ मानतात.

डबक्याची कल्पना तशी जुनीच. चार्ल्स डार्विनने १८७१ साली आपला मित्र जोसेफ हूकर याला लिहिलेल्या पत्रात, एखाद्या लहानशा कोमट तळ्यात अमोनिया, फॉस्फेट, प्रकाश, उष्णता, वीज हे सगळे जुळून आले तर काय होईल, असा विचार बोलून दाखवला होता. पण ते खासगी पत्र. पुढच्या पिढीने मोर्चा वळवला तो समुद्राकडे. मॉस्कोत अलेक्झांडर ओपारिनने १९२४ मध्ये या विषयावर एक छोटी पुस्तिका काढली. इंग्लंडमध्ये जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२९ मध्ये स्वतंत्रपणे तसाच विचार मांडला: आदिम वातावरणात प्राणवायू नव्हता, सूर्याच्या अतिनील किरणांनी साध्या वायूंपासून कार्बनी संयुगे बनत गेली आणि ती साठून समुद्राचे एक गरम, पातळ सूप झाले. पहिल्या पेशीभोवती तेलकट पदर असावा, हेही हाल्डेन यांनी त्याच लेखात सुचवले होते. त्या पदराकडे मात्र पुढची कित्येक वर्षे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही.

हे हाल्डेन पुढे आपल्याकडेच आले. १९५७ मध्ये इंग्लंड सोडून ते कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये, तिचे संस्थापक महालनोबिस यांच्याकडे दाखल झाले. कुर्ता घालू लागले, मांसाहार सोडला, १९६१ मध्ये भारताचे नागरिकत्व घेतले आणि पुढे भुवनेश्वरला जाऊन राहिले. ऑक्टोबर १९६३ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातल्या वाकुला स्प्रिंग्ज इथे जीवोत्पत्तीवर परिषद भरली, तेव्हा ओपारिन आणि हाल्डेन आयुष्यात पहिल्यांदा समोरासमोर आले. हा विचार आधी कोणी मांडला, याचा निवाडा हाल्डेन यांनी स्वतःच करून टाकला. मान ओपारिनचा, आणि उसनवारीचा संशय घ्यायचाच तर तो माझ्यावर घ्यावा, अशा अर्थाचे ते हसत बोलले. विज्ञानाच्या इतिहासात इतका निखळ उदारपणा क्वचित दिसतो. पुढच्याच वर्षी, १ डिसेंबर १९६४ रोजी, भुवनेश्वरला कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

मधल्या काळात शिकागो विद्यापीठात स्टॅन्ली मिलर या तरुण विद्यार्थ्याने, हॅरल्ड युरी यांच्या हाताखाली, मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ काचेच्या उपकरणात कोंडून त्यात विजेच्या ठिणग्या पाडल्या होत्या. काही दिवसांत अमिनो आम्ले तयार झाली. १९५३ चा हा प्रयोग शाळेच्या पुस्तकात असतो, म्हणून त्यावर जास्त रेंगाळत नाही. मिलरला विटा मिळाल्या, घर कसे बांधायचे हे कळले नाही. अडचण पाण्याचीच होती. दोन अमिनो आम्ले किंवा आरएनएचे दोन घटक जोडायचे तर त्या जोडातून पाण्याचा एक रेणू बाहेर पडावा लागतो. सगळीकडे पाणीच पाणी असेल तर प्रक्रिया उलटी फिरते, जुळलेले जोडही सुटतात. शिवाय समुद्र एवढा मोठा की त्यात पडलेली संयुगे एकमेकांना भेटणेच मुश्कील.

अलाहाबादची गोष्ट याच सुमाराची. ती आपल्याकडे जितकी सांगितली जायला हवी तितकी सांगितली जात नाही. अलाहाबाद विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ कृष्ण बहादूर यांनी १९५४ मध्ये ‘नेचर’मध्ये एक टिपण छापले होते. पॅराफॉर्मल्डिहाइडच्या द्रावणावर प्रकाश पाडून अमिनो आम्ले मिळाल्याचा दावा त्यात होता. मिलरने वीज वापरली, यांनी प्रकाश. पुढे त्यांनी अमोनियम मोलिब्डेट, डायअमोनियम फॉस्फेट, काही खनिज क्षार आणि फॉर्मल्डिहाइड यांचे निर्जंतुक मिश्रण चंबूंत भरून उन्हात ठेवायला सुरुवात केली. महागडे यंत्र नाही, विजेचा दाब नाही, गंगेकाठचे ऊन तेवढे भरपूर. काही काळाने सूक्ष्मदर्शकाखाली मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे गोलक दिसू लागले. त्यांना बाहेरून कड होती, आत काही रचना भासत होती, आणि कळी फुटावी तसे एकातून दुसरे निघताना दिसत होते. बहादूर यांनी त्यांना ‘जीवाणू’ म्हटले. मराठीत हा शब्द बॅक्टेरियासाठी रुळला असल्याने इथे त्यांना नुसते गोलक म्हणू. हे संशोधन त्यांनी १९६३ मध्ये अलाहाबादच्याच ‘विज्ञान परिषद अनुसंधान पत्रिका’ या नियतकालिकात दिले. मग जर्मनीतही ते छापून आले, आणि १९६६ मध्ये त्यावर पुस्तक निघाले.

बहादूर यांचे म्हणणे असे की हे गोलक वाढतात, पुनरुत्पादन करतात आणि त्यांच्यात चयापचयासारख्या क्रिया चालतात, तेव्हा त्यांना सजीव म्हणायला हरकत नाही. इथे ते घसरले, असे माझे मत आहे. क्षारांचे आणि सेंद्रिय पदार्थांचे गोलक कळ्यांसारखे फुटणे आणि पेशी विभागणे यांत मोठे अंतर आहे. हाताशी असलेल्या पुराव्यापेक्षा दावा कितीतरी मोठा होता. नासाच्या एम्स संशोधन केंद्रातल्या लिंडा कॅरन आणि मूळचे श्रीलंकेचे सिरिल पोन्नमपेरुमा यांनी १९६७ मध्ये या प्रयोगांचा आढावा घेतला. त्यांचा निष्कर्ष सावध होता: या गोलकांचे स्वरूप आणि गुणधर्म अजून स्पष्ट व्हायचे आहेत. त्यानंतर जगाने त्यांच्याकडे पाठ फिरवली. पण बहादूर यांनी धरलेले टोक पूर्ण चुकीचे नव्हते. साऱ्या जगाला डीएनएचे वेड लागले होते, त्या दिवसांत हा माणूस आधी कड हवी, आत आणि बाहेर असा भेद हवा, हे धरून बसला होता. चाळीस वर्षांनी बॉस्टनच्या प्रयोगशाळेत मोठमोठे लोक तेच म्हणू लागले.

बॉस्टनला जाण्याआधी मात्र जालन्याच्या शेतात यायला हवे.

मे महिन्यात इथल्या काळ्या रानात उभे राहिले तर जमिनीला भेगा पडलेल्या दिसतात. काही भेगांत कोपरापर्यंत हात जातो. मृगाचे एक-दोन पाऊस झाले की त्याच भेगा मिटतात, माती फुगून वर येते, चिकट होते आणि वाफसा येईपर्यंत तिच्यात पाऊल टाकायची सोय नसते. याच मातीवर नीट पाया न भरता घर बांधले की भिंतींना तडे जातात. या फुगण्या-आकसण्याचे कारण स्मेक्टाइट गटातली चिकणखनिजे. दख्खनचा पाषाण झिजून झिजून ती बनली. त्यांचे थर नॅनोमीटरच्या मापाचे असतात आणि पाणी शिरले की ते, ओल्या वहीची पाने फुगावीत तसे, एकमेकांपासून दूर होतात. थरांवर विद्युतभार असतो, म्हणून त्यांच्यामध्ये नाना रेणू येऊन चिकटतात. शेतकऱ्याला ही माती ओल आणि कस धरून ठेवते म्हणून प्रिय.

माती रेणू धरून ठेवते, या गोष्टीकडे जीवोत्पत्तीच्या अंगाने पहिल्यांदा गंभीरपणे पाहिले जे. डी. बर्नाल या ब्रिटिश स्फटिकशास्त्रज्ञाने. १९४७ मधल्या लंडनच्या एका व्याख्यानात त्यांनी म्हटले की समुद्रात विखुरलेली संयुगे गोळा करायला काही तरी पृष्ठभाग हवा, आणि चिकणमाती हा उत्तम पृष्ठभाग आहे. पुढे अमेरिकेतल्या ट्रॉय गावी जेम्स फेरिस यांनी हे करून दाखवले. त्यांनी निवडलेले खनिज माँटमोरिलोनाइट, म्हणजे आपल्या काळ्या मातीतल्या खनिजांचे सख्खे भावंड. या मातीवर त्यांनी आरएनएचे सक्रिय केलेले घटक रोज थोडे थोडे घातले. १९९६ मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांच्या गटाने जाहीर केले की अशा रीतीने पन्नासच्या वर घटकांच्या साखळ्या मिळतात. नुसत्या पाण्यात एवढी लांबी गाठणे अवघड.

मग आली २००३ सालची नोंद. बॉस्टनमध्ये जॅक शोस्टाक, मार्टिन हँझिक आणि शेली फुजिकावा यांना शंका आली की जी माती आरएनए जोडायला मदत करते, ती कदाचित पेशीच्या कवचालाही मदत करील. पहिल्या पेशीचे कवच म्हणजे बहुधा मेदाम्लांचा दुहेरी पदर. मेदाम्ल हे साबणाचे मूळ द्रव्य. पाणी फार अल्कधर्मी असेल तर त्याचा साबण होतो, आम्लधर्मी असेल तर त्याचे तेलाचे थेंब तरंगतात, आणि या दोहोंच्या मधल्या अरुंद पट्ट्यात त्याचे आपोआप पोकळ फुगे बनतात, आत पाणी, बाहेर पाणी आणि मधे पातळ पडदा. शोस्टाक यांच्या गटाने त्या पाण्यात माँटमोरिलोनाइटची चिमूट टाकली तेव्हा फुगे बनण्याचा वेग सुमारे शंभर पटींनी वाढला. इतकेच नाही, आरएनए चिकटलेले मातीचे कण त्या फुग्यांच्या आत जाऊन बसलेले दिसले. आणखी मेदाम्ल पुरवले की फुगे मोठे होत, आणि बारीक छिद्रांतून दाबून काढले की त्यांचे लहान फुगे होत, आतला ऐवज बऱ्याच अंशी शाबूत ठेवून. वाढ आणि विभागणी, दोन्ही एकाही प्रथिनाच्या मदतीशिवाय. शोस्टाक यांना २००९ चे नोबेल मिळाले ते गुणसूत्रांच्या टोकांवरच्या वेगळ्या कामासाठी, पण त्यांचे मन तोवर या फुग्यांतच गुंतले होते.

जालन्याच्या शिवारातली मूठभर माती उचलून घातली असती तर हेच घडले असते, असे समजू नये. फेरिस यांची माती आम्लाने धुऊन, तिच्यात नेमका सोडियम भरून तयार केलेली होती. आणि मातीचा दुसरा चेहराही आहे. कॅलिफोर्नियाचे डेव्हिड डीमर यांनी रशियातल्या कामचात्का द्वीपकल्पावर, मुत्नोव्स्की ज्वालामुखीच्या परिसरातल्या एका उकळत्या डबक्यात अमिनो आम्ले, न्यूक्लिक आम्लांचे घटक, फॉस्फेट आणि मेदाम्ल असे सगळे स्वतः ओतून पाहिले. काही तासांतच बहुतेक माल गायब. तळातल्या चिकणमातीने तो शोषून घेतला होता आणि परत द्यायला ती तयार नव्हती. प्रयोगशाळेत मदतीला आलेली माती प्रत्यक्ष जागेवर सगळे गिळून बसली. मला हा प्रयोग इतर यशस्वी प्रयोगांपेक्षा जास्त शिकवणारा वाटतो.

डीमर यांचे खरे काम मात्र कवच आणि सुकणे यांवरचे. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात मर्चिसन गावाजवळ एक उल्का पडली होती. तिच्यातून काढलेल्या कार्बनी पदार्थांपासून पाण्यात कवचे बनतात, हे त्यांनी १९८५ मध्ये दाखवले. म्हणजे कवचाचा कच्चा माल अवकाशातूनही येऊ शकत होता. त्याआधीच त्यांच्या ध्यानात आले होते की फुग्यांचे पाणी सुकू दिले तर त्यांचे पडदे एकमेकांत मिसळून थरावर थर बसतात आणि आजूबाजूचे मोठे रेणू त्या थरांमध्ये अडकतात. पुन्हा पाणी घातले की फुगे फुगतात, आता पोटात तो ऐवज घेऊन. सुकताना आणखीही एक गोष्ट घडते. पाणी निघून जात असल्याने रेणू जोडण्यातली ती जुनी अडचण दूर होते. ऊन तापले की साखळी वाढणार, पाऊस आला की कवचात बंद होणार, पुन्हा ऊन. समुद्राला हे कसे जमणार? त्याला कोरडे पडणे माहीतच नाही.

या कामात डीमर यांच्यासोबतच्या संशोधकांत सुधा राजामणी होत्या. मेदांच्या थरांमध्ये न्यूक्लिओटाइड, म्हणजे आरएनएचे घटक, ठेवून ओले-सुके आवर्तन केले की आरएनएसारख्या साखळ्या मिळतात, हे दाखवणाऱ्या २००८ च्या शोधनिबंधात त्यांचे नाव पहिले आहे. पुढे त्या पुण्याच्या ‘आयसर’ या विज्ञानसंस्थेत आल्या. पाषाण रस्त्यावरच्या त्यांच्या प्रयोगशाळेत आज हाच प्रश्न वेगवेगळ्या बाजूंनी तपासला जातो. त्यांच्या गटाचा एक निष्कर्ष तर डीमर यांच्या आणि त्यांच्या स्वतःच्याच जुन्या कामाला टोचणारा आहे. आम्लधर्मी पाण्यात, उष्णतेत वारंवार सुकवलेल्या त्या साखळ्यांतून अक्षरांचे काम करणारे भाग बरेचदा गळून जातात. साखळी राहते, मजकूर जातो. दुसरा निष्कर्ष दिलासा देणारा. एकाच प्रकारच्या मेदाम्लाची कवचे क्षारांपुढे टिकत नाहीत, पण मेदाम्लात त्याचीच अल्कोहोल आणि ग्लिसरॉलची रूपे मिसळली तर ती बरीच सोशिक होतात. लडाखमधल्या गरम झऱ्यांचे खरेखुरे पाणी आणून त्यात अशी कवचे त्यांनी तपासली. प्रयोगशाळेच्या शुद्ध पाण्यात सगळेच साधते, झऱ्याच्या पाण्यात काय होते ते महत्त्वाचे.

पुण्यातच या सगळ्याच्या उलट बाजूला जयंत नारळीकर होते. खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्या तालमीतले नारळीकर जीवसृष्टी अवकाशातून पृथ्वीवर आली असावी ही शक्यता गंभीरपणे तपासत होते. हैदराबादहून जानेवारी २००१ मध्ये आणि एप्रिल २००५ मध्ये सोडलेल्या बलूनने ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने आणले. दुसऱ्या उड्डाणात जीवाणूंच्या तीन नव्या प्रजाती सापडल्या. एकीला हॉइल यांचे, एकीला इस्रोचे आणि एकीला आर्यभटाचे नाव दिले गेले. त्या वरून आल्या की खालून गेल्या, हे ठरलेले नाही. आणि वरून आल्या तरी मूळ कोडे सुटत नाही, ते दुसऱ्या कुठल्या तरी ग्रहावर जाऊन बसते, एवढेच.

पृथ्वीवरच्या डबक्यांपुढे मात्र एक अडचण राहिलीच होती. आरएनएच्या कण्याला फॉस्फेट लागते, पेशीची ऊर्जाही फॉस्फेटवर चालते, पण नैसर्गिक पाण्यात ते नावालाच असते. कॅल्शियम त्याला पकडते आणि दोघे मिळून खनिज होऊन तळाशी बसतात. सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले जोनाथन टोनर आणि डेव्हिड कॅटलिंग यांनी डिसेंबर २०१९ च्या अखेरीस यावर उत्तर सुचवले. ज्या तळ्यात कार्बोनेट भरपूर असते तिथे कॅल्शियम आधी कार्बोनेटशी लग्न लावते, फॉस्फेट मोकळे राहते आणि पाणी आटेल तसे दाट होत जाते. दाखल्यासाठी त्यांनी जगभरातल्या अशा तळ्यांची मोजमापे घेतली: कॅलिफोर्नियाचे मोनो, केनियाचे मगाडी, आणि आपले लोणार. अशा तळ्यांत फॉस्फरसचे प्रमाण समुद्राच्या आणि नद्यांच्या पाण्यापेक्षा पन्नास हजार पटींपर्यंत जाते.

लोणारचे तळे म्हणजे काळ्या पाषाणात अशनीच्या आघाताने पडलेला सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. पुढे दीडशे वर्षे त्याला ज्वालामुखीचे तोंड मानणारे पुष्कळ होते. १९७३ मध्ये ‘सायन्स’मधल्या लेखाने, आघातानेच बनू शकते अशी काच दाखवून, तो वाद मिटवला. झऱ्याचे आणि पावसाचे पाणी आत येते, बाहेर जायला वाट नाही, जे जाते ते वाफ होऊन. म्हणून क्षार साठत गेले. एकेकाळी इथला खार काढून विकला जाई. टोनर-कॅटलिंग यांच्या लेखानंतर सहाच महिन्यांनी, जून २०२० मध्ये, पाणी खाली गेले, खारटपणा वाढला आणि तळे गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण हॅलोआर्किया हे खारप्रिय सूक्ष्मजीव असल्याचे सांगितले. त्या वेळी जीवोत्पत्तीचे रहस्य लोणारमध्ये सापडल्याच्या गप्पाही कानावर आल्या. हॅलोआर्किया कुळाने प्राचीन असले तरी आजचे, पूर्ण विकसित जीव आहेत. त्यांचा पहिल्या पेशीशी संबंध तुमच्या-माझ्याइतकाच.

लोणार जसे आहे तसे पहिल्या पेशीला चाललेही नसते. त्याच्या पाण्याचा सामू दहाच्या घरात असतो, आणि एवढ्या अल्कधर्मी पाण्यात मेदाम्लाचे फुगे होत नाहीत, साबण होतो. टोनर आणि कॅटलिंग यांचे म्हणणे असे की आदिम हवेत कार्बन डायऑक्साइड फार होता, तो पाण्यात विरघळून अशा तळ्यांचा सामू साडेसहा ते नऊच्या दरम्यान उतरला असता. त्या पट्ट्यात कवचे धरतात. पण मग मॅग्नेशियमचे काय? आरएनएची नक्कल व्हायला ते लागते, आणि साध्या मेदाम्लाची कवचे त्यानेच फुटतात. शोस्टाक आणि कटारझिना अदामाला यांनी २०१३ मध्ये त्यावर सायट्रेटचा उतारा शोधला. ते मॅग्नेशियमला असे धरून ठेवते की आरएनएचे काम होते आणि कवचही वाचते. चारशे कोटी वर्षांपूर्वीच्या तळ्यात इतके सायट्रेट कुठून आले असेल, याचे उत्तर अजून कोणाकडे नाही, म्हणून सध्या त्याच्या जागी चालेल असे साधे रेणू शोधणे चालू आहे.